जाड एस.एस. (स्टेनलेस स्टील) प्लेटमध्ये मोठं भोक: कटर चार एमएम जातो आणि अडतो, तेव्हा काय तपासायचं

"दादा, कटर आत जाईना झालाय. नुसता वरडतोय."

हा फोन मला वर्षातनं चार-पाचदा तरी येतो. कधी शिरोलीतनं, कधी गोकुळ शिरगावातनं, कधी आमच्याच कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मागच्या गल्लीतनं. साखर कारखान्यांचा ऑफ-सीझन लागला की जास्तच, कारण तेव्हा फ्लँज, पॅड, ट्यूब प्लेट अशी कामं एकदम निघतात. दूध प्लँटची कामं तर बारा महिने असतात. जॉब साधारण एकाच जातीचा असतो: ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची १६ ते ३२ एमएम जाड प्लेट आणि ६० पासून १५० एमएमपर्यंतचं भोक. कटर पेल्यासारखा पोकळ, तो कडेनं गोल खाच पाडतो आणि मधली चकती अख्खी निघते. दुखणंही एकच. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

आधी लक्षणं

तुमच्याकडं यातलं काय होतंय ते बघा.

- पहिले तीन-चार एमएम झकास जातात, मग आवाज बदलतो. हँडलवर कितीही जोर दिला तरी कटर जागच्या जागी फिरत राहतो.
- खाचेचा तळ आरशासारखा चमकतो.
- स्प्रिंगसारखी लांब चिप यायची ती येत नाही. बारीक भुकटी येते, नाहीतर सुईसारखे तुकडे.
- हायस्पीड स्टीलचा कटर असून चिप निळी-जांभळी पडते, धूर येतो, कूलंट (थंड करायचं तेल-पाणी) टाकलं की चर्रर्र करतं.
- दातांचे बाहेरचे कोपरे गोल झालेत, किंवा एखादा दात उडालाय.
- चकती कटरमध्येच अडकून बसलीय.
- भोक मापापेक्षा मोठं, लांबट किंवा आत पायरी असलेलं आलंय.
- भोक पार होताना कटर झटका मारून धरतो.

पहिली चार लक्षणं एकत्र दिसली तर कटर कापत नाही, घासतोय. शेवटची दोन एकत्र दिसली तर पकड नाहीतर मशीन ढिलं आहे. चकती अडकली असेल तर तो बहुतेक वेळा उष्णतेचा खेळ असतो. दात उडणं मात्र कशानंही होतं, त्यामुळं नुसतं तेवढं बघून निदान करू नका.

हे आपल्याकडंच जास्त का होतं

माझं सरळ मत आहे. कोल्हापूरचा हात बिडावर (कास्ट आयर्नवर) घडलेला हात आहे. आपल्याकडं फाउंड्र्या, ऑईल इंजिनं आणि पंपांची कास्टिंगं, त्यामुळं पोरगं ड्रिलिंग शिकतं ते बिडावर. बीड कोरडं कापतं, भुकटी देतं. मध्येच कटर उचला, बघा, फुंकर मारा, परत लावा, ते काही बोलत नाही. हळूहळू दाबलं तरी चालतं.

३०४ मध्ये हे चालत नाही. तिच्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ही प्लेट मुळात फार कडक नसते, पण घासली की कडक पडते. लोहार पहार तापवून तिला पाणी देतो, इथं विस्तव न लावताच पाणी चढतं. बोथट दात एका जागी पाच-दहा फेरे फिरला की खाली कडक कातडी तयार होते आणि पुढचा दात त्या कातडीवर घसरतो. घसरला की कातडी आणखी कडक. वर ही प्लेट उष्णता वाहून नेण्यात माइल्ड स्टीलच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची. त्यामुळं कापताना झालेली उष्णता प्लेटमध्ये पसरत नाही, दाताच्या टोकालाच बसते.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक जुने टर्नर होते, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. माझा पहिला कटर जळाला तेव्हा ते आले. जमिनीवरची एक चिप पकडीत धरून उजेडाकडं केली, काही बोलले नाहीत. पट्टा सगळ्यात खालच्या पुलीवर टाकला आणि मी सवयीनं हँडल वर घ्यायला लागलो तसा माझा हात धरला. "बिडाला गोंजारतोस तसं ह्याला गोंजारू नको. ह्याला दात लावायचा तर चावायलाच पायजे."

खालच्या प्रत्येक तपासणीत एकच गोष्ट बघायची आहे: दात चावतोय का घासतोय. क्रम फुकटापासून महागापर्यंत लावलाय. मधली पायरी गाळून थेट नवा कटर आणू नका. तो कटरही पहिल्यासारखाच जळतो.

१. आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे. पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं

दहातल्या सहा-सात फोनना मी इथंच थांबतो. हिशोब तोंडपाठ ठेवा. हायस्पीड स्टीलच्या कटरला ३०४ वर मिनिटाला १२ मीटरच्या आसपास कटिंग स्पीड धरा. म्हणजे ३८०० ला भोकाच्या व्यासानं भागायचं. ६० एमएमला ६३ आरपीएम, १०० एमएमला ३८, १५० एमएमला २५. टीसीटी, म्हणजे कार्बाइडच्या दातांचा कटर असेल तर सुरुवात ३० मीटरनं करा. तिथं ९५०० ला भागा. १०० एमएमला ९५ येतात.

आता तुमचं मशीन बघा. बेंच ड्रिलचा सगळ्यात खालचा स्पीडसुद्धा बऱ्याचदा काहीशेचा असतो. त्यावर १०० एमएमचा हायस्पीड होल-सॉ (करवतीच्या दातांचा पेला) लावला तर दात दहापट वेगानं पळतोय. तो पहिल्या मिनिटातच मेला, तुम्हाला कळतं चार मिनिटांनी. मशीन एवढं खाली येतच नसेल तर त्या मशीनवर ते भोक नाही. इथं "जरा जपून दाबू" हा तोडगा नव्हे. जपून दाबणं म्हणजेच घासणं.

एक बारीक गोष्ट, जी भले-भले विसरतात. होल-सॉच्या मधल्या पायलट ड्रिलला वेगळा स्पीड लागतो. १० एमएमच्या ड्रिलला ३८० आरपीएम हवेत, पण तो होल-सॉबरोबर ३८ नंच फिरतो. तिथं तो रांगतो, चुरचुरतो आणि मधलंच भोक कडक करून ठेवतो. म्हणून पायलट भोक आधी वेगळं, त्याच्या स्पीडला पाडून घ्या. नंतर आर्बरमध्ये (होल-सॉ धरणाऱ्या दांड्यात) ड्रिलऐवजी त्याच मापाची गोल पिन घाला.

२. फीड, म्हणजे कटर आत जायचा वेग. हेही फुकट, पण इथं सवय मोडावी लागते

कटर एकदा लागला की पार होईपर्यंत उचलायचा नाही आणि थांबवायचाही नाही. थांबायचंच असेल तर आधी पूर्ण वर घ्या, मग मशीन बंद करा. खाचेत टेकवून फिरत ठेवणं सगळ्यात वाईट. चहा आला म्हणून हँडल नुसतं सैल सोडलं तर चहा संपेपर्यंत प्लेटला पाणी चढलेलं असतं.

किती फीड? अॅन्युलर कटरला फेऱ्यामागं ०.१ एमएमपासून सुरू करा. (होल-सॉसारखाच पोकळ, पण जाड प्लेटसाठीचा कटर. आपल्याकडं त्याला ब्रोच कटर नाहीतर कोअर कटर म्हणतात, एकच गोष्ट.) ६० एमएमचा कटर ६३ आरपीएमला फिरत असेल तर मिनिटाला सहा एमएमच्या आसपास आत जायला हवा, म्हणजे २५ एमएमची प्लेट चार-सव्वाचार मिनिटांत पार. घड्याळ लावा. दहा मिनिटं लागत असतील तर निम्मा वेळ तुम्ही घासताय. रेडियल ड्रिलला ऑटो फीड असेल तर तोच वापरा. माणसाचा हात चौथ्या मिनिटाला सैल पडतोच.

पार होताना फीड हातात घ्या आणि जोर थोडा कमी करा. खाली एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी किंवा जुनी प्लेट चिकटून ठेवली तर कटर झटका मारत नाही.

३. कूलंट पोचतंय का

वरून पिचकारी मारली म्हणजे कूलंट दिलं असं नाही. खाच २५ एमएम खोल आहे, दात तिच्या तळाला आहे, आणि चिप वर येताना कूलंटला बाहेर ढकलते.

अॅन्युलर कटरमध्ये कूलंट आतून जातं. मधली पायलट पिन प्लेटवर टेकून वर दाबली गेली की वाट उघडते. आता एक गंमत सांगतो, ती मी स्वतः तीन ठिकाणी पाहिलीय. होल-सॉच्या सवयीनं माणसं इथंही आधी पायलट भोक पाडून ठेवतात. मग पिन त्या भोकात उतरते, वर दाबलीच जात नाही, कूलंटची वाट बंद. टाकी भरलेली, पाइप लावलेला, आणि कटर आत कोरडा. अॅन्युलर कटरला भोक नको, नुसता सेंटर पंच पुरे. होल-सॉला आधी भोक हवं, अॅन्युलरला नको, एवढं लक्षात राहू दे.

पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑईल असेल तर एस.एस.ला दाट करा, दहा भाग पाण्याला एक भाग तेल. टाकीतलं महिनाभराचं पांढुरकं पाणी चालत नाही. होल-सॉला बाटलीनं गंधकवालं कटिंग ऑईल खाचेत सोडत राहिलं तर चांगला फरक पडतो. पण जॉब वेल्डिंगला किंवा दुधाच्या लाइनला जाणार असेल तर ते तेल नंतर पूर्ण धुऊन काढा. केरोसीन मिसळू नका. तापलेली चिप आणि केरोसीन यांची गाठ पडायला नको.

आणि तापून लाल झालेल्या टीसीटी कटरवर एकदम थंड पाणी ओतू नका, कार्बाइडला तडा जातो. एकतर सुरुवातीपासून सतत द्या, नाहीतर त्याला आपोआप निवू द्या.

४. चिप बाहेर येतेय का

हा मुद्दा होल-सॉवाल्यांसाठी. होल-सॉची खाच अरुंद, खोल आणि बंद असते. दातांमध्ये चिप अडकली की दात चिपेवर चालतो, प्लेटवर नाही.

उपाय साधा आहे. भोकाची रेघ आखा आणि रेघेच्या आतल्या बाजूला, चकतीच्या हद्दीत, खाचेला लागून ८-१० एमएमचं एक आरपार भोक पाडा. त्याची कड खाचेच्या वाटेत यायला हवी, पण भोकाच्या फायनल मापाबाहेर जायला नको. दर फेऱ्याला दात त्या भोकावरून जाताना चिप खाली टाकतो, कूलंटलाही वाट मिळते. मोठ्या व्यासाला समोरासमोर दोन पाडा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचा कटर दोन-तीन भोकं जास्त चालला.

याच ठिकाणी कटरची खोलीही बघा. बाजारात कॉलरवाले टीसीटी होल कटर मिळतात, ते बहुतेक पत्र्यासाठी बनवलेले असतात. चार-पाच एमएमनंतर कॉलर प्लेटवर टेकते आणि कटर "अडतो". एकदा एका पोरानं असा कटर अर्धा तास दाबून धरला होता. साध्या बाय-मेटल होल-सॉचं माझं प्रमाण १२ एमएम प्लेटपर्यंत. त्यापुढं अॅन्युलर कटर.

अॅन्युलर का? हिशोब करून बघा. २५ एमएम प्लेटमध्ये १०० एमएमचं भोक सगळंच्या सगळं चिप करून काढायचं तर जवळजवळ २०० घन सेंटीमीटर धातू कापावा लागतो. सहा एमएम रुंद खाच पाडली तर ४५ च्याही आत. बाकीची चकती अख्खी खाली पडते.

५. प्लेट आणि मशीन जागेवर आहेत का

मॅग्नेट ड्रिल ३०४ ला चिकटत नाही. हे वाचून हसाल, पण नवीन माणूस घेऊन जातो, बटण दाबतो, हातानं हलवून बघतो, "बसलंय" म्हणतो. ते नुसतं स्वतःच्या वजनानं बसलेलं असतं. खाली एमएसची प्लेट ठेवूनही उपयोग नाही, मध्ये २५ एमएम एस.एस. आलं की चुंबकाचा जोर तिथवर पोचत नाही. एमएसची जाड प्लेट वर ठेवा, तिला कटरपुरती खिडकी पाडा, सी-क्लँपनं घट्ट आवळा आणि मॅग्नेट तिच्यावर बसवा. वरच्या प्लेटच्या जाडीएवढी कटरची पोच कमी होते, ते धरून कटर निवडा. एमएसची प्लेट एस.एस.वर वेल्डिंगचा टॅक मारून बसवू नका, तिथं नंतर गंज धरतो. सुरक्षा साखळी बांधा, काम जमिनीवर असलं तरी.

रेडियलवर असाल तर आर्म आणि हेड दोन्हीचे लॉक आवळलेत का बघा. बिडावर लॉक न आवळता भोक पडून जातं, एस.एस.वर कटर आर्मला ढकलतो आणि भोक लांबट येतं. प्लेट चारही बाजूंनी टेकलेली हवी. तीन कोपऱ्यांवर डुगडुगणारी प्लेट प्रत्येक फेऱ्याला दाताला एकदा चावू देते आणि एकदा घासू देते.

हातमोजे घालून ड्रिलवर उभं राहू नका. एस.एस.ची लांब चिप मोज्यात अडकली तर हात ओढून घेते. चिप ब्रशनं काढा, तीही मशीन थांबवूनच.

६. कटरची धार

आता पैशाचा विषय सुरू झाला. भिंग घ्या आणि प्रत्येक दाताचा बाहेरचा कोपरा बघा. उजेडात धारेवर पांढरी चमकती रेघ दिसली म्हणजे धार गेली. चांगली धार उजेड परत फेकत नाही. एकच दात खराब असला तरी पूर्ण कटर खराब समजा, कारण त्याच्या मागच्या दाताला दुप्पट कापावं लागतं आणि मग तोही जातो.

अॅन्युलर कटरला धार लावून मिळते, पण टूल ग्राइंडरवर, सगळ्या दातांची उंची सारखी ठेवून. बेंच ग्राइंडरवर हातानं लावलेल्या धारेनं मी कधी एस.एस. पार झालेलं पाहिलं नाही. हायस्पीडमध्ये घेणार असाल तर कोबाल्टवालं घ्या, तापल्यावर धार जास्त वेळ टिकते. टीसीटीला धार भरपूर, पण झटका सोसत नाही. मशीन ढिलं असेल तर टीसीटी घेऊन पैसे घालवू नका.

७. प्लेट खरंच ३०४ आहे का

वरचं सगळं बरोबर असून दुसरा नवा कटरही गेला, तर प्लेटवर संशय घ्या. ३०४ च्या नावावर २०० सिरीजचा माल येतो. ३०४ मध्ये मँगनीज जास्तीत जास्त २ टक्के असतं, २०२ मध्ये साडेसात ते दहा. निकेल कमी. हा माल घासल्यावर आणखी लवकर कडक पडतो.

चुंबक लावून हे कळत नाही, दोन्ही चिकटत नाहीत. थेंब टाकून मँगनीज ओळखायचं लिक्विड मिळतं, पहिली चाचणी म्हणून ठीक. खात्री करायची तर कोल्हापुरासारखं सोयीचं गाव नाही. फाउंड्रीला जोडून स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते सांगणारं मशीन) असलेल्या लॅब आहेत, एक तुकडा घेऊन जा. जाण्याआधी एवढंच विचारा की त्यांच्या मशीनला स्टेनलेसचा प्रोग्रॅम आहे का. नुसत्या बिडाच्या प्रोग्रॅमवर एस.एस. घातलं तर आकडे भलतेच येतील. प्लेट घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (ओतणीचा नंबर) प्लेटवरच्या नंबराशी जुळवा.

दुसरी शक्यता: भोकाच्या वाटेवर जुनं वेल्डिंग आहे, किंवा कडेचा भाग आधी प्लाझ्मानं (विजेच्या तप्त झोतानं) कापलेला आहे. तिथली कातडी वेगळीच असते. रेघ थोडी सरकवता आली तर सरकवा.

८. स्पिंडल

डायल गेज स्पिंडलला लावून हातानं फिरवा. काटा ०.०५ एमएमच्या आत फिरला तर उत्तम. पाव एमएम फिरत असेल तर कटरचे दोनच दात काम करतात, बाकीचे हजेरी लावतात. आधी टेपर, म्हणजे स्पिंडलची निमुळती बैठक, पुसा. निम्म्या वेळा टेपरमध्ये अडकलेला चिपेचा एक कण एवढाच दोष निघतो. मग पट्टा घसरतोय का बघा. लोड आल्यावर मोटर फिरते पण स्पिंडल अडखळतं, तेव्हा पट्टा. तिन्ही फेज येतात का तेही. बेअरिंग गेलं असेल तर हे काम तुमचं नाही, मशीन रिपेअरवाल्याचं.

कातडी पडलीच, तर भोक वाचवायचं कसं

चमकत्या खाचेत तोच कटर परत घालू नका. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

पायलट आरपार असेल तर प्लेट उलटी करा आणि नव्या धारेच्या कटरनं मागून सुरू करा. तिकडची कातडी अजून कोरी आहे. मागून आलेला कटर जुन्या खाचेला भिडतो तेव्हा मध्ये फक्त ती पातळ कडक थर उरते आणि बहुतेक वेळा फुटून निघते. पण पायलट काटकोनात नसेल तर दोन्ही खाचा जुळत नाहीत. मी स्वतः असा एक जॉब घालवलाय. ३२ एमएम प्लेट, ११० चं भोक, तीन होल-सॉ जाळले, चौथ्यानं मागून पार केलं आणि मध्ये दोन एमएमची पायरी. बोअर करून ती काढायला भोकात माप उरलं नव्हतं. पार्टीनं जॉब परत पाठवला. प्लेटचे पैसे मी भरले.

उलटं करता येत नसेल तर कार्बाइडच्या बरनं (छोट्या फिरत्या टूलनं) खाचेच्या तळाची चमक घासून काढा. कडक थर पातळ असते, मॅट रंग दिसेपर्यंत काढली की पुरे. मग आरपीएम निम्मे करून पहिल्या सेकंदापासून पूर्ण फीड द्या, म्हणजे दात कातडीच्या खाली घुसून कापेल.

चकती कटरमध्ये अडकली असेल तर हातोडी मारू नका. एस.एस. तापल्यावर माइल्ड स्टीलपेक्षा जवळजवळ दीडपट फुगतं. १०० एमएमची चकती दीडशे अंशांनी तापली तर पाव एमएम फुगते आणि कटरला आतून आवळते. निवू द्या, बऱ्याचदा आपोआप गळून पडते. पडताना खाली पाय नको. १०० व्यासाची २५ एमएम जाड चकती दीड किलोच्या वर भरते आणि तिची कड वस्तऱ्यासारखी असते.

कुठं थांबायचं

गॅस कटरनं एस.एस. कापायचा प्रयत्न करू नका. क्रोमियमचा ऑक्साइड प्लेटच्या आधी वितळत नाही, ज्योत नुसती वर चिवडा करून ठेवते. एवढं सांगूनही दरवर्षी एकजण चिवडलेली प्लेट दाखवायला आणतो.

खाली सांगितलेल्या वेळी मशीन बंद करा आणि काम बाहेर द्या. यात कमीपणा नाही, मीही देतो.

भोक १०० एमएमच्या वर, प्लेट २० च्या वर आणि तुमच्याकडं रेडियल नाही, तर सुरूच करू नका. एकाच प्लेटमध्ये आठ-दहा मोठी भोकं असतील तर वॉटरजेटचा, म्हणजे पाण्याच्या झोतानं कापायचा, भाव आधी विचारा. उष्णता नाही, कातडी नाही, आणि तुमच्या जळणाऱ्या कटरांचा हिशोब लावला तर ते महाग पडत नाही. प्लाझ्मानं काढून घेणार असाल तर माप प्रत्येक बाजूला ३ एमएम कमी ठेवून कापून घ्या आणि व्हीटीएल (उभं लेथ) किंवा बोरिंगवर फायनल करा. बोरिंगचा पहिला कट दीड-दोन एमएम खोल घ्यायला सांगा, म्हणजे इन्सर्ट (टूलवरचा बदलायचा धारेचा तुकडा) प्लाझ्माच्या कातडीखालून जाईल. इन्सर्टच्या डबीवर पिवळा पट्टा हवा, तो स्टेनलेसचा. आपल्याकडं कपाटात लाल पट्ट्याच्या, म्हणजे बिडाच्या, डब्या जास्त आणि माणूस हाताला लागेल ती उचलतो. एस.एस.वर प्लाझ्मा चालवताना निघणारा धूर छातीला घातक असतो. बंद शेडमध्ये, बिना एक्झॉस्ट, नाही.

दोन नवे कटर ओळीनं गेले आणि कारण सापडलं नाही, तर तिसरा लावू नका. एखाद्या अनुभवी टूलवाल्याला जॉबपाशी उभं करून दाखवा. फोनवर आवाज ऐकवून निदान होत नाही, मी करून बघितलंय.

बॉयलर किंवा प्रेशरचं भांडं असेल, आयबीआरचं (बॉयलरच्या सरकारी नियमांखालचं) काम असेल, तर त्यात एक भोकसुद्धा स्वतःच्या मनानं पाडू नका. ते मंजूर ड्रॉइंगवर आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच व्हायला हवं. आणि बंद टाकी असेल, त्यात स्पिरिट, मळी, रसायन काहीही राहून गेलेलं असेल, तर ड्रिल, ग्राइंडर, प्लाझ्मा काहीच लावू नका. टाकी रिकामी करून, धुऊन, आत वायू नाही याची तपासणी झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय तिथं उभंही राहू नका. घाई कारखान्याची असते, जीव आपला जातो.

बाहेर देताना चार गोष्टी लिहून द्या: ग्रेड, जाडी, भोकाचं माप टॉलरन्ससकट, आणि भोक पुढं कशाला वापरायचं. नुसतं पाइप जायला असेल तर अर्ध्या एमएमनं काही बिघडत नाही. बेअरिंग किंवा ट्यूब बसायची असेल तर बिघडतं. हे सांगितलं नाही तर समोरचा महागडी पद्धत वापरतो, नाहीतर स्वस्तातली, आणि दोन्हीत तुमचंच नुकसान.

घरी केलेल्या भोकाची बर, म्हणजे कडेची खरखरीत कोर, काढताना एमएसवर वापरलेला ग्राइंडिंग व्हील लावू नका. लोखंडाचे कण एस.एस.मध्ये रुततात आणि पावसाळ्यात भोकाभोवती तांबूस कडं दिसायला लागतं. एस.एस.साठी वेगळा व्हील आणि वेगळा वायर ब्रश ठेवा, दांड्याला पिवळी टेप लावून. पिकलिंग पेस्ट लावायची वेळ आली तर त्यात हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं, ती उघड्या हातानं लावायची वस्तू नव्हे.

निघालेली चकती भंगारात टाकायच्या आधी तिच्यावर पेंट मार्करनं ग्रेड, आरपीएम आणि कुठला कटर ते लिहून फळीवर ठेवा. माझ्याकडं अशा चाळीसेक चकत्या आहेत. नवा जॉब आला की मी आधी फळीकडं बघतो, मग मशीनकडं.